विश्लेषण : ओढ्यातला ‘क्रिप्टो’ टबात का वाढवायचा? पडघ्याला हे जमेल का?

घरात मासे पाळणारे दोघे भेटले आणि ‘क्रिप्टो’बद्दल बोलू लागले, तर विषय बिटकॉइनचा असेलच असे नाही. क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पतीचे ते लाडाचे नाव आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानांपासून ऑनलाइन विक्रीपर्यंत ती जाळीच्या छोट्या कुंडीत किंवा पारदर्शक जेलच्या कपात मिळते. याच वनस्पतीच्या काही जाती कोकणातल्या ओढ्या-नाल्यांत कुणी न लावता उगवतात. शोभेच्या टाक्यांची हौस वाढली की रोपे मिळवण्याचा सर्वात स्वस्त मार्ग कोणता, हे सांगायला नको. ओढ्यात उतरायचे आणि उपटायचे. भिवंडी तालुक्यातल्या पडघा पट्ट्यासारख्या ठिकाणी याला सरळ पर्याय उभा राहू शकतो : घरामागच्या टबात रोपे वाढवणे. त्यासाठी आधी ही वनस्पती समजून घ्यावी लागते, कारण तिचा स्वभाव जरा वेगळा आहे.

क्रिप्टोकोरीन म्हणजे नेमके काय?

ही अळू आणि सुरणाच्या कुळातली वनस्पती. भारतापासून श्रीलंका, थायलंड, मलेशिया, बोर्निओपर्यंतच्या ओल्या जागी तिच्या साठहून अधिक जाती आढळतात. ग्रीक भाषेत ‘क्रिप्टोस’ म्हणजे लपलेले आणि ‘कोरीन’ म्हणजे सोटा. अळूच्या फुलात मधोमध जो दांडा दिसतो, तो इथे एका बंद नळीच्या तळाशी लपलेला असतो, म्हणून हे नाव. आभासी चलनाच्या नावातला ‘क्रिप्टो’ही याच ग्रीक शब्दातून आला, एवढेच काय ते दोघांचे नाते.

फुलाची रचना चलाख आहे. तळाशी घड्यासारखी पोकळी असते. वासाने ओढल्या गेलेल्या बारीक माश्या नळीतून त्यात उतरतात आणि अडकतात. मादी फुले आधी तयार होतात, नर फुले नंतर. परागकण अंगाला लागल्यावरच माशीला बाहेरची वाट मिळते आणि ती पुढच्या फुलाकडे जाते. टाकीत पाण्याखाली ठेवलेल्या रोपाला हे फूल क्वचितच येते. ते पाहायचे असेल तर रोप पाण्याबाहेर वाढवावे लागते, आणि रोपे वाढवण्याचे गुपितही तिथेच आहे.

महाराष्ट्रात कोणत्या जाती आहेत?

दुकानांत सर्वाधिक खपणारी ‘वेंड्टी’ ही जात मूळची श्रीलंकेची. डच वनस्पतिशास्त्रज्ञ डी विट यांनी १९५८ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. हिरवी, तपकिरी, लालसर अशा तिच्या अनेक छटा मिळतात. टाकीच्या पुढच्या भागात लावायची बुटकी ‘पार्व्हा’सुद्धा श्रीलंकेचीच.

आपल्याकडच्या जातींना दुकानात फारसा भाव नाही, पण त्यांची कहाणी जास्त रंजक आहे. ‘रेट्रोस्पायरॅलिस’ ही लांब, अरुंद पानांची जात खडकाळ नदीपात्रात, वाळू-गोट्यांत मुळे रोवून राहते. ‘स्पायरॅलिस’ ओढ्याच्या काठी आणि भातखाचरांच्या ओलसर कडेला दिसते. तिच्या फुलाचे बाहेर येणारे टोक स्क्रूसारखे पिळलेले असते. तिसरी ‘कॉग्नाटा’. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ शॉट यांनी १८५७ मध्ये तिला नाव दिले आणि त्यानंतर ती जवळजवळ विस्मरणातच गेली. शिवाजी विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ती पुन्हा सापडल्याचे जगासमोर आणले. दक्षिण कोकणाच्या पट्ट्यापुरती मर्यादित असलेली ही वनस्पती शंभराहून अधिक वर्षे अभ्यासकांच्या नजरेआड राहिली. एखाद्या ओढ्यावर बंधारा घालताना किंवा पात्र काँक्रीटने बांधून काढताना तिथे काय होते, याची नोंद आपल्याकडे किती ठिकाणी होते?

या देशी जातींचे वेळापत्रक पावसाळ्याला बांधलेले आहे. जून ते सप्टेंबर पूर अंगावर घेत त्या पाण्याखाली राहतात. पाऊस संपून पाणी उतरले की पाने उघडी पडतात आणि ओल्या वाळूवर फुले येतात. मार्चनंतर ओढा आटला की पाने वाळून जातात. वाळूखालचे आडवे खोड तेवढे जिवंत राहते. पहिल्या पावसात तेच पुन्हा फुटते. उन्हाळ्यात ‘काही नाही इथे’ म्हणून ज्या पात्रातली वाळू जेसीबीने उचलली जाते, त्या वाळूत पुढच्या वर्षीचे सगळे रोप असते.

दुकानातले रोप टाकीत लावताच विरघळते, ते का?

नव्या हौशी माणसाला बसणारा हा पहिला धक्का. सहाशे रुपयांची दोन रोपे आणावीत, हौसेने लावावीत आणि आठवड्याभरात पाने काचेसारखी पारदर्शक होऊन लगदा व्हावीत. जगभर याला ‘क्रिप्ट मेल्ट’ म्हणतात. दुकानदाराने फसवले, असा समज होतो. बहुतेक वेळा तसे नसते.

रोपवाटिकांत ही रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. त्या पानांवर मेणासारखा थर असतो, पाने जाडसर असतात आणि ती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. टाकीत बुडवल्यावर या पानांचा उपयोग संपतो. वनस्पती त्यांच्यातला अन्नांश परत ओढून घेते आणि पाण्यासाठी योग्य अशी पातळ पाने नव्याने काढू लागते. पाण्याचे तापमान, क्षारांचे प्रमाण किंवा प्रकाश एकदम बदलला तरी हेच होते. जुन्या टाकीतले पाणी एकाच वेळी निम्म्याहून जास्त बदलले, तरीही.

उपाय सोपा आणि अवघड दोन्ही आहे : काही करायचे नाही. सडलेली पाने कात्रीने कापून काढायची, खोड आणि मुळे जागची हलवायची नाहीत. तीन ते सहा आठवड्यांत मधून नवे पान येते. याच काळात लोक रोप उपटून मुळे तपासतात, जागा बदलतात, खत ओततात आणि उरलेसुरले मारून टाकतात. अळू लावल्यावर कुणी रोज उकरून कंद बघत नाही. तोच नियम इथे.

मग रोपे वाढवायची कशी?

टाकीत वाढवता येतात, पण वेग फार कमी. व्यावसायिक उत्पादक मुळे चिखलात आणि पाने हवेत ठेवतात. घरगुती प्रमाणावर यासाठी झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा किंवा जुनी गळकी मत्स्यटाकी पुरते. तळाशी तीन-चार इंच माध्यम घालायचे. शेतातली गाळाची माती, धुतलेली नदीची किंवा कृत्रिम वाळू आणि थोडे कुजलेले पालापाचोळ्याचे खत एवढे पुरेसे आहे. ताजे शेणखत नको, मुळे सडतात. पाणी मातीच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली राहील इतकेच ठेवायचे. वर झाकण किंवा प्लास्टिकचा कागद, म्हणजे आत दमटपणा टिकतो. थेट ऊन अजिबात नको, नाहीतर बंद डबा दुपारी कुकर होतो. तापमान २२ ते ३० अंशांत राहिले तर उत्तम. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून वापरलेले बरे.

या वनस्पतीची वाढ दोन वाटांनी होते. मोठे झालेले रोप मातीखालून बारीक धावते खोड सोडते आणि काही इंचांवर त्याला पिल्लू फुटते. केळीच्या मुनव्यासारखेच, फक्त आकार बोटाएवढा. पिल्लाला तीन-चार पाने आणि स्वतःची मुळे आल्यावरच ते वेगळे करायचे. त्याआधी कापले तर ते आईविना तग धरत नाही. दुसरी वाट खोडाची. जुन्या रोपाचे आडवे खोड आल्यासारखे दिसते. त्याचे एक-दोन सेंटिमीटरचे, किमान एक डोळा असलेले तुकडे करून ओल्या शेवाळावर किंवा भिजवलेल्या कोकोपीटवर अर्धे उघडे ठेवायचे. काही आठवड्यांत डोळे फुटतात. एका रोपातून अनेक रोपे करण्याचा हा स्वस्त मार्ग आहे, फक्त पाते स्वच्छ हवे आणि तुकडा मातीत खोल पुरायचा नाही. अळूच्या कुळातली असल्याने हिच्या चिकाने हात खाजू शकतात; हातमोजे घालावेत आणि डबा लहान मुलांपासून दूर ठेवावा.

बियांपासूनही रोपे होतात, पण बी ताजे असताना लगेच पेरावे लागते, साठवून चालत नाही. सुंदरबनासारख्या खाडीभागात वाढणाऱ्या ‘सिलिआटा’ या जातीत तर बी फळातच रुजू लागते. मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणारे टिश्यू कल्चर वापरतात. जेलच्या कपातली रोपे ती हीच. गोगलगाय, शेवाळ, किडी यांच्यापासून ती मुक्त असतात, हा त्यांचा मोठा फायदा. पण त्यासाठी निर्जंतुक प्रयोगशाळा लागते. सुरुवात करणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

टाकीत रोप लावताना ते मुळांवाटे अन्न घेते, हे लक्षात ठेवले की निम्मे प्रश्न सुटतात. पाण्यात द्रवखत ओतण्यापेक्षा मुळाशी खताची गोळी खोचणे बरे. भगभगीत दिव्यांची गरज नाही. टेरॅरियममध्ये, म्हणजे काचेच्या बंद बरणीतल्या बागेत, बुटक्या जाती छान राहतात. तिथे कॅक्टस किंवा सक्युलंट शेजारी लावण्याची चूक मात्र सर्रास होते. एकाला कोरडी माती हवी, दुसऱ्याला चिखल. दोघांपैकी एक मरणारच.

डासांचा मुद्दा टाळून चालणार नाही. उघड्या टबात साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूला आमंत्रण. पाणी मातीखाली ठेवणे आणि टब झाकणे हा पहिला उपाय. उघडे पाणी ठेवावेच लागले तर त्यात गप्पी मासे सोडायचे. आरोग्य विभाग डासांच्या अळ्यांसाठी वर्षानुवर्षे तेच वापरतो.

यात पडघा कुठे बसतो?

मुंबई-नाशिक महामार्गावरचे पडघा आज शहरी वाचकाला गोदामांमुळे ठाऊक आहे. भिवंडी पट्ट्यातून देशभरातल्या ऑनलाइन ऑर्डरी सुटतात. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि आमणे इथून जवळच आहे. भातशेतीची सलग जमीन कमी होत चालली आहे. गोदामाला जमीन दिलेल्या घराकडे अनेकदा घर, अंगण आणि परसाची थोडी जागा उरते. भाजीपाल्याला ती अपुरी. टबातल्या रोपांना मात्र शंभर चौरस फूट सावलीही खूप झाली.

हवामानही निम्मे काम करते. पावसाळ्याचे चार महिने इथली हवा इतकी दमट असते की शेडनेटखालच्या टबांना झाकणही लागत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे जातो तेव्हा दुहेरी शेडनेट आणि ओले गोणपाट लागते; डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री झाकण बंद ठेवावे लागते, वाढ मंदावते. शिवाय या पद्धतीला पंप, फिल्टर, दिवे काहीच लागत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली त्या गोंधळात कळवा-पडघा वीजवाहिन्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. वीज गेली तरी ज्याचे काही बिघडत नाही असे उत्पादन पडघ्यात निघावे, हा योगायोग गमतीचा म्हणायचा.

पाठवणीही सोपी आहे. मुळांभोवती ओला कागद गुंडाळून, पिशवीत हवा भरून तोंड बांधले की रोप तीन-चार दिवसांचा प्रवास सोसते. मासे पाठवण्याची यातायात इथे नाही.

यात पैसा किती?

इथे जरा सबुरीने घ्यायला हवे. इमू पाळा, कडकनाथ पाळा, पिल्ले आम्हीच परत विकत घेऊ, अशा योजनांनी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे किती पैसे बुडाले ते सर्वांना आठवत असेल. ‘क्रिप्टो’ या नावाने उद्या कुणी तशीच योजना घेऊन आले तर आश्चर्य वाटायला नको. ‘रोपे आमच्याकडून घ्या, उत्पादन आम्ही घेऊ’ असे वाक्य ऐकले की तिथूनच मागे फिरावे.

ही वनस्पती हळू वाढते. एका चांगल्या मातृरोपापासून वर्षाला चार विक्रीयोग्य पिल्ले मिळाली असे धरले, तर वीस मातृरोपांपासून पहिल्या वर्षअखेर ऐंशी पिल्ले. ती सगळी विकली तर पुढच्या वर्षी पुन्हा ऐंशीच. त्यातली साठ राखून मातृरोपे ऐंशीवर नेली, तर दुसऱ्या वर्षी तीनशे वीस. म्हणजे पहिले वर्ष भांडवल वाढवण्यात जाते, हाती फार पैसा येत नाही. बाजारही मर्यादित आणि लहरी आहे. म्हणून याकडे घरच्या मिळकतीला जोड म्हणून बघावे. भाताला पर्याय म्हणून बघू नये. एखाद्या बचत गटाने दहा टबांपासून सुरुवात केली तर नुकसान झाले तरी ते पेलण्याइतके असते.

शोभिवंत माशांच्या संगोपनासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुदान आहे : सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. पाणवनस्पती हा त्याच बाजाराचा भाग. ज्या टाकीत मासा विकला जातो त्याच टाकीत रोपही विकले जाते. मग मासे पाळायला शिकवणाऱ्या सरकारी प्रशिक्षणांत रोपे वाढवण्याचा एक दिवस का नसावा? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे शेती आणि मत्स्यशास्त्र दोन्ही आहे. रत्नागिरीला त्याचेच मत्स्य महाविद्यालय आहे. जोडणी करायची तर माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. पश्चिम घाटातली ‘पोगोस्टेमॉन इरेक्टस’ ही वनस्पती आज युरोपातल्या रोपवाटिका कपात भरून विकतात. आपल्या सड्यावरचे रोप आपल्यालाच परदेशी लेबल लावून मिळते, ते याच दुर्लक्षामुळे.

ओढ्यातून चार रोपे आणली तर काय बिघडते?

चार आणली तर कदाचित काही नाही. पण चार आणणारा व्हिडीओ टाकतो, ठिकाण सांगतो आणि पुढच्या रविवारी तिथे चाळीस जण पोहोचतात. जी जात मोजक्या ओढ्यांतच उरली आहे, तिला एक हंगाम पुरतो. खोडासकट उपटलेले रोप परत येत नाही, हे वर सांगितलेल्या वेळापत्रकावरून कळेलच.

कायद्याची बाजूही आहे. राखीव जंगलातून वनस्पती काढून नेणे हा वन कायद्याने गुन्हा आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार व्यापारासाठी जैविक संसाधन घ्यायचे तर राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावे लागते. स्थानिक रहिवासी आणि लागवड करणाऱ्यांना त्यात सवलत आहे. म्हणजे कायदा वाढवणाऱ्याच्या बाजूने आहे, उपटून विकणाऱ्याच्या नाही. गावोगावच्या जैवविविधता समित्यांनी आपल्या ओढ्यातल्या या जातींची नोंद ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ती समिती कागदावरच आहे, हा भाग वेगळा.

सुरुवातीची मातृरोपे म्हणून दुकानातली वेंड्टी घेणे सर्वात सोयीचे. ती कणखर आहे, बोअरच्या जड पाण्यातही टिकते, आणि तिच्यावर हात बसला की बाकीच्या जाती जमतात. परदेशातून थेट मागवायची असतील तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. ‘भेटवस्तू’ लिहून पाकिटात आलेली रोपे बेकायदा ठरतात.

उरलेली रोपे नदीत सोडली तर?

हा प्रश्न पडघ्यात जास्त गंभीर आहे. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा भातसाचा. भातसा नदीचे पाणी पिसे इथे उचलून पांजरापूरला शुद्ध केले जाते, आणि ही दोन्ही ठिकाणे याच परिसरात आहेत. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन मार्कोस नदीत १९९० च्या दशकात श्रीलंकेची ‘बेकेटी’ ही क्रिप्टोकोरीन पसरलेली आढळली. कुणाच्या तरी टाकीतून ती आली असावी. जगात फक्त त्याच नदीत उरलेल्या एका जंगली भाताच्या जातीची जागा ती घेऊ लागली. शेवटी नदीचा तळ खरवडून ती काढावी लागली. श्रीलंकेच्या जातींना कोकणातले पाणी टेक्सासपेक्षा परके वाटण्याचे कारण नाही. उल्हास नदीत जलपर्णी काढण्यावर दरवर्षी किती शक्ती खर्च होते, ते कल्याणकरांना विचारावे.

त्यामुळे टबातला पाण्याचा निचरा ओढ्याला किंवा गटाराला जोडू नये. ते पाणी झाडांच्या आळ्यात सोडावे. टब पुराच्या पातळीच्या वर ठेवावेत. छाटलेली पाने आणि विशेषतः खोडाचे बारीकसारीक तुकडे कचऱ्यात ओले फेकू नयेत, कारण सेंटिमीटरभर तुकड्यातूनही रोप उभे राहते. ते पत्र्यावर पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवावेत आणि मगच खतखड्ड्यात टाकावेत. पावसाळ्यात ऊन नसेल तर झाकणाच्या काळ्या पिशवीत बांधून, पूर्ण कुजल्यावर.